दोन थापा

अथी उतर. नाई, दार लाव आधी.
जिनिंगचं गेट रस्त्याच्या पोटाले लागून हाय,
समोरून घुसाले जागा नाई,
म्हनून गाडी उलटीच घालाव लागते,
अन् ते बी अख्खा मारेगाव रोड आडवा करून.

आरशाच्या भरोशावर राहू नको.
आरशात काय दिसते? कापूस.
पोट सुटल्यावानी दोराइतून बाहेर आलेला,
डाव्या आरशात कापूस, उजव्या आरशात कापूस.
मांगची दहा हात जमीन अशी हाय
का तथी बैल बसला तरी मले दिसत नाई.
अन् आपलाच सांडलेला कापूस येचाले
पोट्टे तथीच वाकून रायतात, ओट्यात भरून.

रिव्हर्सचा भोंगा होता. उंदरानं वायर खाल्ली.
मालक मने, क्लीनरच्या तोंडाले काय झालं?
म्हनून तू.

एक थाप म्हंजे येऊ दे.
दोन थापा म्हंजे बस.
अन् थापच नसली म्हंजे?
तू इचारलं नाई.
मी बी नव्हतं इचारलं.

सुकदेव मडावी होता माह्या संगं, नऊ वर्सं.
फाळक्यावर थाप मारे तं माह्या पाठीत उतरे.
त्या दिवशी दिवेलागन झाली होती,
लाइनीत अकरा गाड्या,
एसटीवाला हॉर्नवरचा हात उचलाले तयार नाई,
अन् एक जन बायकोले घेऊन फटफटीवर
गाडीच्या अन् खांबाच्या मधातून निंगू पाहे.
सगळ्याइले वाटते, एवढ्यात निंगून जातो आपन.
उलटा ट्रक हळू येते ना,
म्हनून त्याचं कोनाले भेव वाटत नाई.

सुकदेव फिरला त्याइले थांबवाले.
एक थाप. एक थाप. एक
मंग काईच नाई.
मले वाटलं, काईच नाई म्हंजे येऊ दे.

दीड हात आलो असन.
दीड हात. तेवढं तं मानूस झोपेत कूस बदलते.

कापसाच्या पल्याडून आवाज येत नाई लवकर.
ते फटफटीवरची बाई वरडली, तवा मी ब्रेक दाबला.
सुकदेव खांबाले टेकून उभा होता,
उजवा हात फाळक्यावरच, थाप माराले पसरला तसाच,
फक्त मांगून खांब आला होता.
पंचनाम्यात लिवलं:
'क्लीनरने योग्य अंतर राखले नाही.'
खाली माही सही हाय.

आता तो फाट्यावर चहा इकते, डाव्या हातानं.
साखर जास्त पडते. कोनी बोलत नाई.
कोनाचीबी गाडी उलटी आली का
टपरीतूनच वरडते,
येऊ दे येऊ दे येऊ दे येऊ दे,
दम तुटेपर्यंत, मधात जागाच सोडत नाई.
चहा उतू जाते.
मी पैसे देतो तं घेते. मोजून घेते.

तं ऐक, पोट्ट्या.
थाप बंद म्हंजे गाडी बंद.
आधी मी उतरीन, चारी बाजूनं पायी फिरीन,
चाकाखाली वाकून पाहीन.
लोकं शिव्या देतीन. देऊ दे.
तू खांबाच्या अन् गाडीच्या मधात जायचं नाई,
मंग आभाय कोसयो.
बाजूले उभा राय, मी मान बाहेर काढीन,
तुहा हात दिसला तं गाडी हलन,
नाई तं सकाळ होईस्तोवर अथीच.

परवा भितीपल्याड शेजारीन गादी झोडपत होती.
दोन थापा.
मी खाटेवर पडलो होतो,
माहा उजवा पाय आपसूक दबला.

जा आता मांगं.
हात दाखव.
दोन्ही.