डाव्या कोपऱ्यातला वाक

साडेतीनचा सामना, दुसरा विभाग, मंगळवार.
तिकीट नाही. तेव्हाही नव्हतं.
पत्र्याचा एक डबा फिरायचा
आणि हाफटाइमला त्यातून निघायचे
खिळे, शर्टाची बटणं,
कुणाच्या तरी बोटीवरून आलेलं परक्या देशाचं नाणं.

कुडचड्याच्या स्टेशनावरून चालतच आले.
खनिजाचे ट्रक आता तितके नाहीत,
तरी गडग्यावर बोट फिरवलं की तांबडं होतं.
जुनी धूळ की नवी, कोण सांगणार.
चिऱ्याच्या पायऱ्या आहेत तिथेच.
मला वाटलं होतं, उंच असतील.

ह्या मैदानाच्या रेघा माझा बाप मारायचा.
सोयरू. क्लबाच्या वहीत नाव नाही.
बादलीत चुना, नारळाच्या करवंटीला भोक,
आणि काथ्याची दोरी:
एक टोक त्याच्या खुंटीला, एक माझ्या मुठीत.
'ताण,' म्हणायचा. 'आणखी ताण.'
एवढंच बोलणं. घरी तेवढंही नाही.

डाव्या कोपऱ्यात मात्र रेघ सरळ जात नसे.
तिथं पियेदादचं शेत आत घुसलेलं, दीड हात.
क्लबवाले गेले, पाद्री गेला, पंच गेले.
ती म्हणाली, तुमचा चेंडू गोल आहे,
त्याला कुठेही फिरवा, माझं भात उभं आहे.
मग बाप तिथं तिसरी खुंटी ठोकायचा.
रेघ थोडी वाकायची
आणि पुढे निघायची, काही झालंच नाही अशी.

पाहुण्यांना हे ठाऊक नसे.
त्यांचा विंगर नाकासमोर पळे, बाहेर जाई,
लाइन्समनचा बावटा वर,
आणि आमच्या पायऱ्यांवर खोकल्यासारखं हसू.
इनास तर गोल सोडून खाली बसायचा हसत.

एकदा उपांत्य फेरीत तिळामळच्यांनी आक्षेप घेतला:
मैदान मोजा.
बापानेच दोरी धरली. मोजलं. कमी भरलं.
आमचे गुण कापले.
आठवडाभर तो जेवताना नुसता ताटाकडे बघायचा.
पुढच्या मंगळवारी उठला,
आणि तिसरी खुंटी होती तिथेच ठोकली.

मग मी बडोद्याला, रंगाच्या कारखान्यात.
एकवीस वर्षं.
दोनदा आले, दुसऱ्यांदा त्याच्या बाराव्याला,
आणि दोन्ही वेळा मैदान टाळून मागच्या रस्त्याने गेले.

आता पोरगा चाकाचं यंत्र ढकलतोय.
कानात काहीतरी खुपसलेलं, पायात सपाता.
रेघ मात्र सरळ, माझ्या बापाला कधी जमली नाही अशी.
पियेदादचं शेत पडीक आहे,
तिची मुलं स्विंडनला, गडग्यावर माडाच्या झावळ्या,
म्हशीशिवाय कुणाची हरकत नाही.
मी पायरीवरून बघत होते
आणि तो कोपऱ्यापाशी आला
आणि त्याने यंत्र वळवलं.

खाली उतरून विचारलं, इथं का वळवलंस?
एका कानातलं काढून म्हणाला, 'कितें?'
पुन्हा विचारलं.
त्याने रेघेकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं.
'हांगा अशेंच मारतात.'
आणि कानातलं परत घातलं.

बापाचं नाव मी सांगितलं नाही.
रस-ऑम्लेट घेतलं, पाव शिळा होता, खाल्लं.
बाराव्या मिनिटाला पाहुण्यांचा एक किडकिडीत पोर
चेंडू घेऊन सुसाट निघाला, नाकासमोर.
माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, 'गेलो.'
बावटा वर.

तो पोर रेघ बघत उभा.
हात कमरेवर, मग डोक्यावर.
मला हसू आलं नाही, आणि आलंही.
मूठ उघडून बघितली,
उगीच.
डबा फिरत आला. आता प्लास्टिकचा आहे.