दुपाती

टेम्पोवाला दस्तगीर म्हणाला, अक्का, सोमवारपासून येत नाही.
तुमचा रस्ता अंडी खातोय.
डांबरीपासून शेडपर्यंत साडेपाचशे फूट,
त्यात ट्रेमागं चार चार फुटकी.
मी चहा दिला. त्यानं कप माझ्यापुढं धरला :
हा घेऊन बसा माझ्या शेजारी,
सांडला नाही तर भाडं घेणार नाही.
बसले नाही. रस्ता मला पाठ होता.

मुरूम आमच्याच विहिरीचा.
साठ फूट खोदताना निघालेला,
पिवळट, तांबूस, मधेच चुन्यासारखा पांढरा.
सासऱ्यांनी उभी विहीर इथं आडवी अंथरली.
तिच्यावर खाद्याच्या गाड्या पळाल्या, उसाच्या ट्रॉल्या पळाल्या,
आणि तिला शेडवरच्या पत्र्यासारख्या वळ्या पडल्या.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या पाठीमागं
बसलिंग बिराजदारचं वेल्डिंगचं दुकान.
या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही :
ट्रॅक्टर किती घोड्यांचा?
अठ्ठावीस.
मग त्या पेटीकडं बघू नका.
ती भरली की तुमची पुढची चाकं
आभाळाकडं बघत बसतील.

आणि ही दारातली, स्वस्त, एकपाती?
त्यानं काळा चष्मा कपाळावर सारला.
पुढचं चाक चढलं की ही मागं बुडते,
चाक बुडलं की ही उचलते.
खड्डे जात नसतात अक्का,
खड्ड्यांना पिल्लं होतात.

तिसरी कोपऱ्यात, अजून रंग न दिलेली.
दोन लांब पट्ट्या, मधे तिरपी दोन पाती :
पुढची कापते, मागची वाटून देते.
ट्रॅक्टर डुलला तरी ही आपल्या पोटावर सरळ घसरत राहते.
पातं उलटून लावता येतं, एक धार झिजली की दुसरी.
रुंदी मीच मोजली, वितीनं :
मागच्या चाकांच्या बाहेर दोन्हीकडं वीत वीत.
नाहीतर आपलीच चाकोरी आपल्या मागं उरते.
हे तो बोलला नाही. मला कळलं.

किंमत सांगत नाही.
दोन महिन्यांची अंडी.

पहिल्या दिवशी हाव सुटली.
टॉप लिंक आवळली, पातं नाकावर पाडलं, तिसरा गिअर.
मुरूम सोलून निघाला आणि खालची काळी वर आली,
ओली, चिकट, विचारल्याशिवाय.
नणंदेचा नागनाथ बांधावर उभा :
मामी, नांगरलासच की! आता शाळू पेर.

चार ब्रास मुरूम विकत आणला.
विहिरीच्या रंगाशी तो जुळला नाही, अजून ओळखू येतो.

मग वाट बघायला शिकले.
परतीच्या पावसाची सर गेली की तिसऱ्या दिवशी
मूठभर उचलायचा, आवळायचा :
लाडू व्हावा, आणि अंगठा लागताच फुटावा.
हाताला चिकटला तर उद्या.
उडाला तर आधी टँकर.

पहिला गिअर, त्याहून घाई नाही.
कडेला पळालेली विहीर ओढून मधे आणायची,
कासवाच्या पाठीइतकी, पाणी दोन्हीकडं उतरेल एवढीच.
वळताना उचलायची. टेकलेली वळवली की पट्टी वाकते,
आणि बसलिंगला फोन करावा लागतो,
तो आधी हसतो, मग दर सांगतो.
एका फेरीला बोटभर. पुन्हा बोटभर.
खोल जायची खुमखुमी ज्याला, त्यानं विहीर खोदावी.

दस्तगीर आला, गुरुवारी, उगाच हॉर्न वाजवत.
मी कप घेऊन त्याच्या शेजारी बसले.
गेटपर्यंत चहा हलला, सांडला नाही.
लिंबाखाली सांडला, थोडा, साडीवर.
त्यानं भाडं घेतलं.

तिथं मुळी आहे, मनगटाएवढी, रस्ता ओलांडून गेलेली,
विहिरीच्या दिशेनं.
तिथं मी पातं उचलते.