हळदीचा टेम्पो

वाईच्या घाटावर
प्लास्टिकची गाळणी हातातून निसटली, वाहत गेली.
"असू दे, हरिपुरात गाठू तिला," हे म्हणाले.

फाल्गुनातली तीन दिवसांची रजा.
टेम्पोत गादी, स्टोव्ह, जुन्या साडीचे पडदे.
वीस वर्षं हळद वाहिली त्यानं;
पहिल्याच रात्री उशी पिवळी.

माहुलीला पांगाऱ्याखाली झोपलो,
सकाळी टपावर लाल पाकळ्यांचा खच.
कऱ्हाडात कोयना समोरून येऊन कृष्णेला भिडली,
आम्ही पंक्चरवरून भांडलो.
भिलवडीला चहा फडक्यातून गाळला,
जरा हळदीचाच लागला.

हरिपूर.
हे पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिले.
"आपण फार जोरात आलो गं,
वाईचं पाणी अजून वाटेतच असेल."

उद्या सोमवार.
मी फडकं पिळून
दोरीवर टाकलं.