फील्डवर्क डायरी, बुधवार

सेवार्थीचे नाव: नरसव्वा चिप्पा.
पत्ता: विडी घरकुल, पाण्याच्या टाकीमागं.

समस्या:
ती म्हणाली, "दोरा संपलाय, लिही."
मी लिहिलं नाही.
एमएसडब्ल्यूच्या कुठल्याच पुस्तकात
दोऱ्यावर प्रकरण नाही.

मांडीवर सूप, कात्रीत पान.
हजारातल्या शंभर कारखाना छाटात काढतो.
ती मोजत होती तेलुगूत,
मला विचारत होती मराठीत,
"हे शिकून पगार किती गं?"

मागच्या पानावर मॅडमचा लाल शेरा:
भावनिक अंतर राखावे.
किती, ते लिहिलेलं नाही.
एका सुपाएवढं?

आत तिची नात रडली.
ती उठली, सूप माझ्याकडं सरकवून,
नुसतं धरायला.
आणि बोटं चालू झाली,
पान, तंबाखू, वळकटी, टोक मुडप, दोरा
(होता थोडा अजून)
आई जशी चापट मारून शिकवायची तशी.

ती दारात थांबली, नात खांद्यावर.
सुपात सात विड्या.
"कुणाची गं तू?"

नोंद:
गृहभेट, दोन तास.
सेवार्थीने एक प्रश्न विचारला.
वहीला तंबाखूचा वास लागलाय.
शनिवारी मॅडमपुढं ठेवायची आहे,
तशीच ठेवीन.