अर्धी भूमिती

अडावदच्या शिवारात रेंज एकाच जागी यायची,
ठिबकच्या फिल्टरजवळ, पत्र्याच्या शेडला लागून,
तीही फोन खताच्या गोणीवर उभा ठेवला तर.
तिथं आमची आठवी झाली.
मी आणि रविना पावरा.
फोन पप्पांचा, कोपऱ्यात काच तडकलेली.
इयरफोन एकच,
आणि त्याचा उजवा कान मेलेला.

डावा जिच्याकडे, तिला सर ऐकू यायचे.
उजवा जिच्याकडे, तिला सरांचे नुसते ओठ
आणि केळीच्या पानांची फडफड.
धडा संपला की आम्ही कान बदलायचो.
त्रिकोण माझ्या वाट्याला आला,
वर्तुळ तिच्या.
चौकोनाच्या वेळी पॅक संपला.

एप्रिलमध्ये दुपारी फोनच म्हणायचा,
खूप तापलोय, आता नको.
रविनाने केळीचा ताजा कापलेला खांब ओढत आणला,
आतून गार, पाणी झिरपणारा,
त्यावर आधी स्वतःचा गाल टेकवून पाहिला
आणि मग ओढणीची घडी अंथरून फोन निजवला,
ताप आलेल्या लेकराला निजवतात तसा.
शेडमधून आई ओरडली,
डोया फुटतीन तुम्हना, उठा तठून.

ग्रुपचं नाव आठवी अ.
एक्केचाळीस नंबर. तिचा नव्हता.
सकाळी दहाला मी लिहायचे, हजर.
खाली लगेच, रविना पण हजर.
सर अंगठा पाठवायचे,
तो एक अंगठा आम्ही दोघींत वाटून घ्यायचो.
श्रावणात एका सोमवारी सरांनी लिहिलं,
प्रत्येकाने स्वतःच्याच नंबरवरून हजेरी द्यावी.
त्या दिवसापासून
माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली रविना
गैरहजर होती.

तरी महिनाभर येत राहिली.
शाळा उघडली तेव्हा केळीचा बाग खोडवा झाला होता,
राखणीला दुसरं कुटुंब आलं होतं,
आणि तिच्या घरचे सातपुड्यात, वर, पाड्यावर.
पत्ता मी विचारला नव्हता.
रोज भेटणाऱ्या माणसाला कोण पत्ता विचारतं?

आता जळगावात आहे. होस्टेल, दुसरा मजला.
चार मुली, रात्री चार निळे चेहरे.
वरच्या बर्थवरची हर्षाली
माझ्या फोटोला बदाम देते
आणि शुक्रवारपासून आम्ही बोललेलो नाही.
तसं काही भांडण नाही.
रविवारी फोन हिशेब सांगतो,
सरासरी पाच तास चाळीस मिनिटं.
कशाकशाची, तेही सांगतो, रंगीत पट्ट्यांमध्ये.
आईला लिहिते, डोया दुखतस.
कीबोर्ड त्याचं डोक्या करतो.
मी पुन्हा डोया करते. तो पुन्हा डोक्या.
माझ्यापेक्षा त्याचा धीर मोठा.

वर्तुळाचे व्हिडिओ लाखभर आहेत.
जीवा, व्यास, स्पर्शिका,
हवं तेव्हा, हव्या त्या वेगानं, दोन्ही कानांत.
एकही पाहिला नाही.
दहावीच्या पेपरात तो प्रश्न कोरा सोडला,
बाई म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी, आणि हा आळस?
आळस नव्हता.
ते तिच्याकडे ठेवलेलं होतं.

फेब्रुवारीत ॲपने एक चेहरा पुढे केला,
नाव रविना, फोटोत केळफूल,
खाली लिहिलेलं,
या कदाचित तुमच्या ओळखीच्या असतील.
कदाचित.
मी लिहिलं, वर्तुळ शिकवशील?
खाली एकच खूण, राखाडी.
मे लागला, तशीच आहे.

नवे इयरफोन बिनवायरचे, दोन्ही कान धडधाकट.
कधी कधी रात्री डावा काढून डबीत ठेवते,
उजव्यात काहीच लावत नाही.
पंखा. हर्षालीची कूस बदलल्याची कुरकुर.
मी हाक मारू का, असा विचार करते,
तेवढ्यात खाली रस्त्यावर केळीचा ट्रक मागे येतो
आणि कुणीतरी पोरगा पत्र्यावर थाप मारत सांगतो,
येऊ दे,
येऊ दे,
जागा आहे अजून.