दोन ठोके

सिनसिनाटी, ओहायो. हॉटेलचा बॉलरूम,
आणि कुंडीतल्या पामच्या मागे मी.
एक टेबल, एक अॅम्प्लिफायर, कानांवर हेडफोन,
आणि टेलिफोनची एक तार, जी इथून निघून
स्टेशनात जाते, स्टेशनातून टॉवरवर,
टॉवरवरून कुठेही.
गुरुवारी रात्री, साडेअकरा ते बारा.

नाचणाऱ्यांना मी कधी धड पाहिलंच नाही.
मला दिसायची ती सुई.
सॅक्सोफोन उभे राहिले की उजवीकडे झेप घ्यायची,
क्लॅरिनेट एकटा बोलू लागला
की मांजरासारखी अंग चोरून चालायची.
आणि पाय ऐकू यायचे, शंभर-दीडशे जोड्यांचे,
मेण लावलेल्या फळ्यांवर,
जसं बाजूच्या खोलीत कुणी
रात्रभर तांदूळ पाखडतंय.

कार्लाइल फेनचे चौदा जण, पांढरे कोट,
कोपरांना आतून रफू.
पहिलं गाणं संपलं, टाळ्या ओसरल्या,
निवेदक श्वास घेणार तेवढ्यात
टण्. टण्.
सुई दोनदा दचकली.

मी तारा तपासल्या, व्हॉल्व्ह बदलला.
पुढच्या गुरुवारी पुन्हा.
तिसऱ्या आठवड्यात सापडला:
मागची रांग, तिसरा ट्रम्पेट, डेल्बर्ट स्टिडम,
ज्याच्या वाट्याला चार मात्रांचाही सोलो नव्हता.
हातात अॅल्युमिनियमचं म्यूट, समोर स्टँडची कड.

"हवेत कचरा करतोस," मी म्हटलं.
तो बुटांकडे बघत राहिला.
"आईसाठी. केंटकीत असते, खाणीच्या वरच्या अंगाला.
बॅटरीचा रेडिओ आहे.
चौदा जणांत मी कुठला, तिला कसं कळायचं?
माझा सूर मधला.
तो नसला तरच कळतो."

मी काही बोललो नाही.
पुढच्या गुरुवारी, त्या श्वासापुरता,
आवाज एक काटा वर केला. एवढंच.

फेब्रुवारीत त्या खुर्चीवर भलताच कोणी.
ड्रमवाला म्हणाला, डेट्रॉइटला गेला मोटारींच्या कारखान्यात.
पियानोवाला म्हणाला, छे.
फेनला विचारलं, तर टाय सारखा करत "कोण?" म्हणाला,
मग "तो होय. उचल घेऊन गेलाय माझी."

पहिलं गाणं संपलं. टाळ्या ओसरल्या.
माझ्या टेबलापाशीच निवेदकाचा मायक्रोफोन.
खिशात घराची किल्ली होती.
हात माझाच होता, नाही म्हणत नाही.
टण्. टण्.
निवेदकाने भुवई उचलली
आणि कागदावरचं वाचायला लागला.

असे पाच गुरुवार.

मग पत्र आलं, स्टेशनच्या पत्त्यावर, पेन्सिलीने:
जो कोणी वाजवतो त्याला.
आमचा डेल्बर्ट असा वाजवत नाही.
पहिला ठोका तो जोरात देतो, दुसऱ्याला कचरतो,
लहानपणी दार वाजवायचा तेव्हापासून.
तुमचे दोन्ही सारखे. हिशेबी माणूस दिसता.
तो कुठे आहे, हे मला तुम्ही सांगू नका.
तुम्हालाही ठाऊक नसणार.
बॅटरी उतरत आलीय, म्हणून पहिल्या गाण्यानंतर
ठोके ऐकले की मी रेडिओ बंद करते.
रात्रीची नोकरी. वेळेवर जेवता ना?
ऑर्फा स्टिडम.

पुढच्या गुरुवारी नदीवर धुकं होतं,
गिऱ्हाईक कमी, तांदूळ थोडेच.
पत्र कोटाच्या आतल्या खिशात.
गाणं संपलं. टाळ्या जेवढ्या होत्या तेवढ्या ओसरल्या.
किल्ली हातात घेतली आणि वाटलं,
जोरात एक, मग कचरत एक,
जमेल की मला त्याच्यासारखं.
घाम आला तळहाताला.

एकदाच वाजवली.

डोंगरात कुठेतरी बटण फिरलं असेल,
किंवा ती दुसऱ्याची वाट बघत बसली असेल
बॅटरी जाळत.
सुई खाली आली.
निवेदकाने श्वास घेतला,
आणि दुसरं गाणं सुरू झालं.