पाचनंतर

निकुंभ सर म्हणाले, पुणं. पुण्याला तोड नाही.
सातपूरला, बागूलच्या झेरॉक्सच्या दुकानात,
शटर अर्धं खाली तरी आत सहा जण,
आणि मोबाइलवर कसलीशी यादी:
बीएस्सीला देशात कुठलं कॉलेज कितवं.
बागूल म्हणाला, नाशिक यायला किती वेळ सरकवायचं,
बोट दुखतं.

कोणी म्हणालं, गंगापूर रोडचं बरं, झाडं आहेत.
झाडं काय गणित शिकवतात?
मग कॉलेज रोड. नाव मोठं.
नाव मोठं, हजेरी छोटी, म्हणत सर स्वतःच हसले.

मला कुणी विचारलं नाही.
सव्वीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेट विसळतोय,
पण शिपायाचं काय मत.

मत आहे.
कमिटी येणार म्हणून आमच्याकडं
मखमलाबादच्या नर्सरीतून कुंड्या आल्या, भाड्यानं.
तीन दिवस शेवंतीला मीच पाणी घातलं.
चौथ्या दिवशी टेम्पो आला, शेवंती गेली,
ग्रेड राहिली. फाटकावर आहे अजून, पितळी.

आणि त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
चव्हाणके मॅडम मला थांबवून घ्यायच्या.
पेठची एक मुलगी. टायट्रेशन सात वेळा चुकलेलं.
रंग यायचा, जायचा, तिला तो एक थेंब सापडेना.
शेवटची गाडी साडेसहाची.
मॅडम घड्याळाकडं बघतच नव्हत्या.
आठव्यांदा फिका गुलाबी आला
आणि थांबला.
पोरगी हसलीसुद्धा नाही. वहीत आकडा लिहिला
आणि सुटली सीबीएसकडं,
जिन्यावर नुसता चपलांचा आवाज.
मी नळ बंद केला.

हे कुठल्या रकान्यात लिहितात?

तसं मॅडमही रिटायर झाल्या.
त्यांची जागा भरलीच नाही, तासावर येणारी पोरं असतात,
पाचला तीच पहिली बाहेर पडतात, पडणारच.
म्हणजे माझी यादीही जुनी,
बागूलच्या टोनर संपलेल्या मशीनसारखी.

बोला गांगुर्डे, सर म्हणाले, पोरगी तुमची आहे.
मी म्हणालो, पाचनंतर जाऊन बघावं,
कुठल्या मजल्यावर दिवा आहे.
सगळे हसले. बागूलनं चहा सांगितला.

प्रणितानं तिन्ही फॉर्म पालथे ठेवले.
उद्या जाऊ, म्हणाली.
उद्या रविवार आहे गं.
मग सोमवारी, म्हणाली,
आणि गुणपत्रिकेच्या पिशवीची झिप
अडकत होती ती ओढत बसली.